सेगेडची मिरची आणि डॉ. सेंट-ग्यॉर्गी

चिरलेले वांगे थोडा वेळ तसेच राहिले की काळे पडते. बटाटा, सफरचंद, केळे यांचीही तीच गत. म्हणून तर घरोघरी वांगी चिरता चिरता पाण्यात टाकण्याची रीत आहे. लिंबू किंवा संत्रे मात्र कापून ठेवले तरी तसे काळवंडत नाही. हा भेद पिढ्यान्पिढ्या साऱ्या जगाने पाहिला आणि सोडून दिला. तो मनावर घेऊन त्याच्या मागे लागलेला, आणि त्यातूनच 'क' जीवनसत्त्वापर्यंत पोहोचलेला शास्त्रज्ञ म्हणजे हंगेरीचे डॉ. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी.

आज औषधांच्या दुकानात 'अँटिऑक्सिडंट' असे नाव छापलेल्या रंगीबेरंगी बाटल्यांची रांग दिसते. हृदय सांभाळायचे, मधुमेह दूर ठेवायचा, तर ही गोळी घ्या, असे जाहिराती सांगतात. या शब्दामागे असलेल्या संशोधनाचा एक मोठा झरा सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत उगम पावला. म्हणूनच त्यांचे चरित्र नुसते स्फूर्तिदायक नाही; गोळी आणि ताट यांत निवड कशी करावी, हेही ते आपल्याला सांगते.

आल्बर्टचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील जमीनदार, तर आईचे माहेर विद्वानांचे. आजोबा आणि मामा दोघेही नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ. अशा घरातला हा मुलगा शाळेत मात्र मंद समजला जाई. मामा मिहाय लेनहोसेक यांचे भाच्याविषयीचे मत तर फारच वाईट होते. या पोराच्या हातून विज्ञानात काही होणार नाही, अशी त्यांची खात्री होती. पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुलाला वाचनाची गोडी लागली आणि पाहता पाहता तो वर्गात पुढे आला. १९११ साली त्याने वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातले. परीक्षेतल्या गुणांवरून माणसाचे भविष्य सांगू नये, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

शिक्षण पुरे होण्याआधीच पहिले महायुद्ध पेटले. तरुण आल्बर्ट लष्कराच्या वैद्यकीय पथकात रशियाच्या आघाडीवर गेले. शौर्याबद्दल त्यांना रौप्यपदकही मिळाले. पण खंदकांतला तो निरर्थक संहार पाहून त्यांचे मन विटले. १९१६ साली त्यांनी आपल्याच डाव्या दंडात गोळी झाडून घेतली आणि ती शत्रूची असल्याचे सांगून ते घरी परतले. ही गोष्ट पुढे त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितली. या कृत्याला कोणी भ्याडपणा म्हणेल, कोणी विवेक म्हणेल. एवढे खरे की त्या दिवसापासून युद्धाविषयीची घृणा त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. १९१७ साली ते डॉक्टर झाले.

युद्ध संपले तेव्हा हंगेरी पराभूत आणि कंगाल झाला होता. पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन हा तरुण संशोधक पोझोनी, प्राग, बर्लिन, हॅम्बर्ग, लायडन असा गावोगाव हिंडला आणि शेवटी हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे स्थिरावला. येथेच त्यांनी फळे आणि भाज्या काळ्या का पडतात, हा विषय हाती घेतला.

आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू पेशीत जातो आणि तिथे अन्नाचे मंद ज्वलन होते. या ज्वलनावरच जीवन चालते. फळ कापले की त्यातल्या पेशी फुटतात, काही द्रव्यांचे हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ऑक्सिडीभवन होते आणि तपकिरी रंग येतो. लिंबाच्या किंवा कोबीच्या रसात हा रंग येण्यास क्षणभर उशीर होतो, असे सेंट-ग्यॉर्गी यांच्या ध्यानात आले. क्षणभराचाच उशीर! पण त्यांनी त्यावरून ताडले की, या रसात ऑक्सिडीभवन थोपवणारे, म्हणजे आपल्या आजच्या भाषेत अँटिऑक्सिडंट असे काही द्रव्य असले पाहिजे. तसेच काहीसे त्यांना जनावरांच्या मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतही आढळले.

नेमक्या याच वेळी दैव फिरले. ज्या प्राध्यापकांच्या आधारावर ते ग्रोनिंगेनला राहिले होते ते वारले. नव्या अधिकाऱ्यांना त्यांच्या कामात रस नव्हता. पैसा संपला. पत्नीला आणि मुलीला त्यांनी माहेरी पाठवले आणि स्वतःचे आयुष्य संपवण्याच्या विचारापर्यंत ते येऊन ठेपले. जाता जाता एकदा विद्वानांची सभा पाहून घ्यावी म्हणून १९२६ साली ते स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले. अध्यक्षस्थानी केंब्रिजचे थोर जीवरसायनशास्त्रज्ञ सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स होते. त्यांनी आपल्या भाषणात सेंट-ग्यॉर्गी या अपरिचित नावाचा आणि त्यांच्या निबंधाचा गौरवाने उल्लेख केला. भाषण संपताच हे बुजत बुजत त्यांच्यापुढे उभे राहिले आणि हॉपकिन्स यांनी त्यांना केंब्रिजला बोलावून घेतले. एका मोठ्या माणसाने योग्य वेळी दिलेली दाद एका जिवाला कशी तारते, ते येथे दिसते.

केंब्रिजमध्ये त्यांनी ते गूढ द्रव्य वेगळे केले. त्याच्या रेणूत कार्बनचे सहा, हायड्रोजनचे आठ आणि ऑक्सिजनचे सहा अणू होते. ही शर्करेची कोणती जात, हे कळेना. तेव्हा त्यांनी विनोदाने त्याला 'ठाऊक नाही' अशा अर्थाचे नाव सुचवले. संपादकांना ही थट्टा रुचली नाही. मग 'देवास ठाऊक' अशा अर्थाचे दुसरे नाव गेले, तेही नाकारले गेले. अखेर १९२८ साली 'हेक्झुरॉनिक आम्ल' या गंभीर नावाने निबंध प्रसिद्ध झाला.

पुढची अडचण पुरवठ्याची होती. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये राहून, कत्तलखान्यांतून ग्रंथी मिळवून, वर्षभर खपल्यावर जेमतेम २५ ग्रॅम द्रव्य हाती आले. त्यातला काही भाग त्यांनी बर्मिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर हॉवर्थ यांच्याकडे रचना ठरवण्यासाठी पाठवला. पण तेवढे पुरेना.

हंगेरीचे शिक्षणमंत्री कुनो क्लेबेल्सबर्ग यांच्या बोलावण्यावरून ते मायदेशी आले आणि सेगेडच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे १९३१ साली जोसेफ स्विर्बेली हा अमेरिकेतील तरुण संशोधक त्यांच्याकडे आला. पिट्सबर्गला चार्ल्स किंग यांच्या हाताखाली त्याने 'क' जीवनसत्त्वाची परीक्षा कशी करायची हे शिकून घेतले होते. माणसाप्रमाणे गिनिपिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. स्विर्बेलीने गिनिपिगांना उकळलेले, म्हणजे जीवनसत्त्व गमावलेले अन्न दिले. त्यांतल्या एका गटाला हेक्झुरॉनिक आम्लाची अल्पशी मात्रा रोज दिली. तो गट धडधाकट राहिला. दुसऱ्या गटातले प्राणी स्कर्व्ही होऊन मेले. शतकानुशतके खलाशांचे बळी घेणाऱ्या रोगावरचे औषध ते हेच! १९३२ च्या एप्रिलमध्ये आधी किंग यांचा आणि दोनच आठवड्यांनी सेगेडचा निबंध प्रसिद्ध झाला. शोधाचा पहिला मान कोणाचा, हा वाद त्यानंतर बराच काळ धुमसत राहिला.

आता प्रसिद्ध गोष्ट मिरचीची. सेगेड हे हंगेरीतल्या लाल मिरचीचे, म्हणजे पाप्रिकाचे, माहेरघर. एका रात्री जेवणात पत्नीने ताजी पाप्रिका वाढली. ती खाण्याची त्यांना इच्छा नव्हती. तेवढ्यात त्यांच्या मनात आले की, ही एक भाजी आपण कधी तपासलीच नाही! ताटातली मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत गेले आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळून चुकले की, हे जीवनसत्त्वाचे भांडारच आहे. कुठे वर्षभराचे २५ ग्रॅम आणि कुठे काही आठवड्यांत सुमारे दीड किलो शुद्ध स्फटिक! हे द्रव्य त्यांनी जगभरच्या संशोधकांना वाटून टाकले. हॉवर्थ यांनी त्याची रचना ठरवली आणि दोघांनी मिळून त्याचे नाव ठेवले 'अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल', म्हणजे स्कर्व्ही दूर करणारे आम्ल.

ही मिरची आपल्याला परकी नाही. मूळची ती अमेरिका खंडातली. हंगेरीत ती तुर्कांच्या राजवटीत पोहोचली, तर आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेने आली. आपली ढोबळी मिरची ही त्या पाप्रिकाचीच जातभाई आहे. सेंट-ग्यॉर्गी यांना जे भांडार सापडले, ते आपल्या मंडईतही रोज मांडलेले असते. आवळा आणि पेरू तर त्याहून पुढे. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते आणि पाण्यात उतरते. म्हणून भाजी फार शिजवू नये आणि चिरल्यावर धुऊ नये, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची शिकवण शास्त्राला धरूनच आहे.

१९३७ साली पेशीतील ज्वलन आणि 'क' जीवनसत्त्व यांवरील कार्याबद्दल सेंट-ग्यॉर्गी यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी स्नायूंकडे लक्ष वळवले. अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही दोन प्रथिने आणि एटीपी हे ऊर्जा पुरवणारे द्रव्य यांच्या मेळातून स्नायू आकुंचन पावतो, हे सेगेडच्या त्यांच्या प्रयोगशाळेत उलगडले. आपल्या छातीत अहोरात्र धडधडणारे हृदय हाही एक स्नायूच आहे. तेव्हा त्याच्या प्रत्येक ठोक्याचे रहस्यही या कामाने थोडे उलगडले, असे म्हणायला हरकत नाही.

या यशाच्या शेजारी एक अपयशही आहे, आणि आपल्या दृष्टीने ते अधिक बोलके आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त पाझरणाऱ्या काही रोग्यांना लिंबाचा किंवा पाप्रिकाचा अर्क गुणकारी ठरला, पण शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ठरले नाही, असे त्यांना व त्यांचे सहकारी इश्तवान रुस्न्याक यांना १९३६ च्या सुमारास दिसले. अर्कात आणखी एखादे जीवनसत्त्व असावे, असे मानून त्यांनी त्याला 'पी' हे नाव दिले. ही द्रव्ये म्हणजे फ्लॅव्होनॉइड. पण इतर प्रयोगशाळांत या निष्कर्षाचा पडताळा नीट येईना. ज्यावाचून शरीर रोगी होते ते जीवनसत्त्व, या कसोटीला 'पी' उतरले नाही आणि १९५० च्या सुमारास ते नाव शास्त्राच्या पुस्तकांतून गेले. नोबेल विजेत्याने ठेवलेले नावही पुराव्यावाचून टिकत नाही, हेच विज्ञानाचे मोठेपण.

दुसऱ्या महायुद्धात तर त्यांचे जीवन एखाद्या कादंबरीसारखे झाले. रशियाने फिनलंडवर हल्ला केला तेव्हा त्यांनी आपले नोबेलचे सुवर्णपदक फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकले. १९४३ साली पंतप्रधानांच्या वतीने दोस्तराष्ट्रांशी गुप्त बोलणी करण्यासाठी ते इस्तंबूलला गेले. ही बातमी फुटली आणि नाझींचे गुप्त पोलीस त्यांच्या मागे लागले. स्वीडनच्या वकिलातीने त्यांना आश्रय व स्वीडनचे नागरिकत्व दिले. युद्ध संपेपर्यंत ते लपतछपत जगले. युद्धानंतरच्या सोव्हिएत वर्चस्वाखाली राहणेही त्यांना जमेना. १९४७ साली ते अमेरिकेत गेले आणि मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी राहू लागले. पत्नी मार्ता आणि कन्या नेल्ली या दोघींना कर्करोगाने नेले, तेव्हा उतारवयात त्यांनी त्या रोगाच्या संशोधनाला वाहून घेतले. पोहणे, मासे धरणे आणि प्रयोगशाळा असा दिनक्रम ठेवत, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध आवाज उठवत हा माणूस जगला आणि २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी निवर्तला. सेगेडच्या वैद्यकीय विद्याशाखेला आज त्यांचे नाव आहे.

त्यांनी उघडलेल्या वाटेवर पुढे काय घडले? ते पाहायला ते नव्हते, पण आपण पाहिले पाहिजे. रक्तातील एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉलवाहक कण रोहिणीच्या भिंतीत शिरून ऑक्सिडीभूत होतात, तिथे चरबीचा थर साचतो आणि वाहिनी अरुंद होते, हा विचार १९८० नंतरच्या दशकात बळावला. फळे आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो, हेही पाहण्यात आले होते. या दोन गोष्टी जोडून अनेकांनी सरळ हिशेब मांडला. भाजीत अँटिऑक्सिडंट असते. तेव्हा त्याचीच गोळी केली की काम झाले!

हिशेब सोपा होता, पण तो प्रयोगाच्या कसोटीला लागला तेव्हा उत्तर निराळेच आले. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. २००२ साली ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांच्या चाचणीत 'ई', 'क' आणि बीटा-कॅरोटीन पाच वर्षे देऊनही हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही. २००८ साली अमेरिकेतील १४,६४१ डॉक्टरांवरील चाचणीतही 'क' आणि 'ई' यांचा हृदयाला लाभ दिसला नाही. 'पी' नावाने बाद झालेले फ्लॅव्होनॉइड पुन्हा चाचणीत आले. २०२२ साली कोकोच्या फ्लॅव्होनॉइडांच्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, परंतु हृदयविकाराच्या सर्व घटना मिळून निश्चित अशी घट झाली नाही.

मग फळे-भाज्यांचा महिमा खोटा का? तसे नाही. ५२ देशांतील सुमारे ३०,००० लोकांचा 'इंटरहार्ट' अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज फळे व भाज्या खाणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ३० टक्के कमी आढळला. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, व्यायामाचा अभाव हे सारे त्या हिशेबात होतेच. ताटातल्या भाजीबरोबर 'क' जीवनसत्त्वच नव्हे तर चोथा, पोटॅशियम आणि शेकडो वनस्पतिद्रव्ये येतात. शिवाय ज्याचे पोट भाजीने भरते त्याच्या ताटात वडे-फरसाणाला जागा कमी उरते. लिंबाचा अर्क शुद्ध जीवनसत्त्वाहून निराळा असतो, ही सेंट-ग्यॉर्गी यांची शंका नेमकी कशामुळे, ते त्यांना सिद्ध करता आले नाही. पण अन्न म्हणजे एका द्रव्याची पुडी नव्हे, हे मात्र काळाने दाखवले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ऑक्सिडीभवन हे काही केवळ शत्रू नव्हे. त्याच्यावर तर आपण जगतो. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी काही तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. व्यायामाबरोबर 'क' आणि 'ई'च्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत तो लाभ दिसला नाही. व्यायामाने पेशींवर पडणारा थोडा ताणच शरीराला आपली संरक्षणव्यवस्था उभारायला शिकवत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आहार आणि चालणे सुधारले तर काय होते, हेही मोजले गेले आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय चाचणीत ते २८ टक्क्यांहून अधिक घटले. हे यश कोणत्याही अँटिऑक्सिडंट गोळीचे नव्हते.

मित्रहो, हा विषय आपल्याला जवळचा आहे. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतर देशांतील लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असे इंटरहार्टच्याच आकड्यांवरून दिसले आहे. घरातला कर्ता माणूस पन्नाशीच्या आसपास कोसळला तर त्या घराचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. त्याची तयारी विशीतच, म्हणजे आपल्या वयातच, नकळत सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाण्यास सांगते. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. हंगामातली पालेभाजी, पेरू, आवळा, टोमॅटोची कोशिंबीर, तंबाखूपासून दूर राहणे आणि रोजचे भराभर चालणे एवढे पुरे. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार जडलाच आहे त्यांनी अर्थात डॉक्टरांची औषधे सोडू नयेत. आहार हा त्या औषधांचा सोबती आहे.

डॉ. सेंट-ग्यॉर्गी यांनी जीवनसत्त्व शोधले ते जेवणाच्या ताटात. सारे जग लिंबे आणि ग्रंथी पिळत असता त्यांनी समोर वाढलेल्या भाजीकडे कुतूहलाने पाहिले. त्यांच्या चरित्रातून आपण एवढेच घेतले, समोरच्या ताटाकडे जरा डोळस होऊन पाहिले आणि कोणाच्याही दाव्याला, मग तो नोबेल विजेत्याचा असो की जाहिरातीचा, पुरावा मागायला शिकलो, तरी त्या थोर माणसाचे ऋण काही अंशी फिटेल.